अडुसष्ट आठवड्यांच्या पुढे

२३ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, वेगोव्ही हे सेमाग्लुटाइड या औषधाचे, आठवड्यातून एकदा टोचायचे इंजेक्शन बारा वर्षांपुढच्या लठ्ठ मुलांना द्यायला परवानगी दिली. या परवानगीचा मुख्य आधार एकच चाचणी होती. आठ देशांतली २०१ मुले-मुली, वय बारा ते सतरा, सरासरी वजन १०७ किलोच्या आसपास. दोन तृतीयांश मुलांना सेमाग्लुटाइड दिले, उरलेल्यांना तसेच दिसणारे, पण औषध नसलेले इंजेक्शन. ६८ आठवड्यांनी औषध घेणाऱ्यांचा बीएमआय सरासरी १६.१ टक्क्यांनी उतरला होता. दुसऱ्या गटाचा ०.६ टक्क्याने वाढला होता. लठ्ठ मुलांना तपासण्यात आयुष्य घालवलेल्या डॉक्टरांनी गोळ्या-इंजेक्शनांतून असा आकडा कधी पाहिलाच नव्हता. चाचणीचा सगळा खर्च नोव्हो नॉर्डिस्कने केला होता, आणि हे इंजेक्शनही तीच डॅनिश कंपनी बनवते.

चाचणी नीट केलेली होती, हे आधी सांगायला हवे. सुरुवातीचे बारा आठवडे सगळ्या मुलांना आहार-व्यायामाचे मार्गदर्शन मिळाले. मग ०.२५ मिलिग्रॅमपासून पायरीपायरीने डोस चढवत सोळा आठवड्यांत २.४ मिलिग्रॅमपर्यंत नेला. मळमळ, उलट्या, जुलाब अशा पोटाच्या तक्रारी औषधाच्या गटात ६२ टक्के मुलांना झाल्या, दुसऱ्या गटात ४२ टक्क्यांना. पाच जणांच्या पित्ताशयात खडे निघाले. पाचही जण औषध घेणारे. हे सगळे शोधनिबंधात छापले आहे, काही दडवलेले नाही. उंचीवर किंवा वयात येण्यावर तेवढ्या काळात वाईट परिणाम दिसला नाही, हेही त्यात आहे. ती चाचणी जिथे थांबते, तिथून हे पुस्तक सुरू होते.

कारण आईबापांचे प्रश्न तिथूनच सुरू होतात. हे किती वर्षे घ्यायचे? मध्येच बंद केले तर? मुलीची पाळी नुकतीच सुरू झाली आहे, तिच्या हाडांना पुरेसे पोषण मिळेल का? उद्या लग्न होऊन दिवस राहिले तर? पहिल्या प्रश्नाला डॉक्टर बहुतेक वेळा प्रौढांच्या आकड्यांवरून उत्तर देतात. मोठ्यांमध्ये सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत चढले, असे २०२२च्या अभ्यासात दिसले. म्हणजे औषध बहुधा चालूच ठेवावे लागणार. पन्नाशीच्या माणसाला चालूच ठेवायचे औषध आणि तेरा वर्षांच्या मुलीला चालूच ठेवायचे औषध, यांत चाळीस वर्षांचे अंतर आहे. हाडे सर्वाधिक भरण्याचा काळ किशोरवयातच येतो. गर्भधारणेचा विचार असेल तर हे औषध किमान दोन महिने आधी थांबवायला सांगतात. या प्रश्नांची उत्तरे मिळायला वर्षे लागतात, आणि ती वर्षे कोणाला तरी विकत घ्यावी लागतात. संशोधनाचा पैसा हा रुक्ष विषय वाटेल, पण तेरा वर्षांच्या मुलीबद्दल आपल्याला काय कळणार आणि काय कधीच कळणार नाही, ते या पैशावरच ठरते.

मुलांवर औषधांची चाचणी मुळात का होऊ लागली, हे समजून घेतले तर पुढचे सगळे सोपे होते. विसाव्या शतकात बहुतेक औषधे मोठ्यांवर तपासली जात आणि मुलांना अंदाजाने, वजनाच्या हिशेबाने दिली जात. मुलांची बाजारपेठ छोटी, चाचणी अवघड, आणि काही बरेवाईट झाले तर बदनामी मोठी. कंपन्या त्या वाटेला जात नसत. १९९७ साली अमेरिकी काँग्रेसने एक आमिष ठेवले. एफडीए कंपनीला लेखी विनंती पाठवणार: अमुक औषध अमुक वयाच्या मुलांवर अशा पद्धतीने तपासा. कंपनीने तसे केले की तिची बाजारातली मक्तेदारी सहा महिन्यांनी वाढणार. ही सहा महिन्यांची वाढ फक्त मुलांच्या डोसला नसते, त्या औषधाच्या मोठ्यांच्या विक्रीलाही मिळते. औषध मुलांना लागू पडले नाही, असा निष्कर्ष निघाला तरी मिळते. पुढे २००३च्या कायद्याने काही औषधांसाठी मुलांवरचा अभ्यास सक्तीचा केला, आणि युरोपातही २००७पासून असाच नियम लागू झाला.

मला हा कायदा चांगला वाटतो. त्याच्यामुळे शेकडो औषधांच्या माहितीपत्रकांत मुलांचा डोस पहिल्यांदा लिहिला गेला. पण त्याची घडण नीट पाहिली पाहिजे. २०२३ या एका वर्षात ओझेम्पिकची, म्हणजे सेमाग्लुटाइडच्याच मधुमेहासाठीच्या इंजेक्शनाची, विक्री ९५ अब्ज डॅनिश क्रोनरच्या वर होती. एवढ्या विक्रीच्या औषधाला सहा महिने जास्तीचे मिळणे म्हणजे काय, आणि त्यापुढे २०१ मुलांच्या चाचणीचा खर्च तो काय! कंपनीने खर्च करावा याची सोय कायद्याने चोख केली. मात्र परवानगी मिळाली की कंपनीचे काम बहुतांशी संपते, आणि आमिषही तिथेच संपते. दहा वर्षांनी त्या मुलांचे काय झाले हे पाहण्यासाठी कोणी सहा महिने वाढवून देत नाही. औषध कधी आणि कसे थांबवावे, या अभ्यासात विकणाऱ्याला काय मिळणार? आपल्या महागड्या इंजेक्शनाची तुलना स्वस्त गोळीशी करून पाहायला कोणती कंपनी आपणहून पुढे येईल? यात लबाडीचा संशय घेण्याची गरज नाही. भागधारकांचा पैसा जिथे परत येतो तिथेच तो खर्च होतो, एवढेच.

लठ्ठपणाच्या औषधांचा इतिहास पाहिला तर लांबवरचे पाहणे किती गरजेचे आहे ते कळते. सिब्युट्रामिन ही गोळी २००६ साली ४९८ किशोरवयीन मुलांवर वर्षभर तपासली गेली होती. वजन उतरले, निष्कर्ष आशादायक म्हणून छापले गेले, खर्च अर्थातच कंपनीचा. पुढे हृदयविकाराचा धोका असलेल्या सुमारे दहा हजार प्रौढांवर काही वर्षे ही गोळी तपासून पाहिली, तेव्हा हार्ट ॲटॅक आणि पक्षाघाताचे प्रमाण वाढलेले दिसले. २०१०मध्ये ती युरोप-अमेरिकेच्या बाजारातून गेली, २०११मध्ये भारतातही तिच्यावर बंदी आली. त्या ४९८ मुलांना काही इजा झाली, असा याचा अर्थ नाही. पण वर्षभराच्या चाचणीतून धोक्याचा पत्ता लागला नव्हता, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. रिमोनाबँट २००६ला युरोपात आले आणि नैराश्याच्या तक्रारींमुळे २००८ला थांबवावे लागले. आजची औषधे वेगळ्या कुळातली आहेत. त्यांच्या कुळातली औषधे मधुमेहासाठी २००५पासून वापरात आहेत आणि प्रौढांमध्ये त्यांनी हृदयाला फायदाच दाखवला आहे. म्हणून मी भीती घालत नाही. मी एवढेच म्हणतो की प्रौढांचा दाखला मुलांना लावताना मधले अंतर मोजायला हवे.

ते अंतर मोजता येते, याचे दोन पुरावे अमेरिकेतच आहेत, आणि दोन्ही सरकारी पैशाचे. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या मधुमेह विभागाने २००४मध्ये ‘टुडे’ नावाचा अभ्यास सुरू केला. टाइप २ मधुमेह असलेली ६९९ मुले, वय दहा ते सतरा. एका गटाला मेटफॉर्मिन, दुसऱ्याला त्याच्या जोडीला आणखी एक गोळी, तिसऱ्याला मेटफॉर्मिनसोबत जीवनशैलीचे कसून मार्गदर्शन. २०१२मध्ये निष्कर्ष आले: फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्या निम्म्याहून जास्त मुलांची साखर आटोक्यात राहिली नव्हती. कंपनीची चाचणी असती तर फाइल इथेच मिटली असती. पण पैसा चालू राहिला, आणि तीच मुले पुढे वर्षानुवर्षे तपासणीला येत राहिली. २०२१मध्ये जे छापून आले ते वाचून अनेक बालरोगतज्ज्ञ हादरले. सरासरी वय अवघे २६, आणि त्यांच्यातल्या ६० टक्के जणांना मूत्रपिंड, डोळे किंवा नसा यांपैकी कसला ना कसला विकार सुरू झालेला. ऐन उमेदीच्या वयात! मोठेपणी होणाऱ्या मधुमेहापेक्षा हा मधुमेह किती वेगाने पोखरतो, हे त्या दशकभराच्या चिकाटीशिवाय कळले नसते. लठ्ठ मुलांना औषध द्यावे की थांबावे या वादात ‘थांबावे’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरूर डोळ्यांसमोर ठेवावा. न देण्यालाही किंमत आहे.

दुसरा पुरावा ‘टीन-लॅब्स’चा. २००७पासून अमेरिकेतल्या पाच केंद्रांवर वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झालेल्या किशोरवयीन मुलांची नोंद ठेवायला सुरुवात झाली. तीन वर्षांनी दिसले की वजन तर चांगले उतरले, पण निम्म्याहून जास्त मुलांच्या शरीरातला लोहाचा साठा खालावला आहे. शस्त्रक्रियेला दहा वर्षे झाल्यावरचा २६० जणांचा हिशेब २०२४मध्ये छापला गेला: बीएमआय अजूनही सरासरी २० टक्क्यांनी कमी, आणि सुरुवातीला मधुमेह असलेल्यांपैकी ५५ टक्क्यांचा मधुमेह मागे हटलेला. नफाही दिसला, तोटाही दिसला. शस्त्रक्रियेचे पेटंट कोणाकडे नव्हते, म्हणून हा अभ्यास सरकारलाच करावा लागला, आणि म्हणूनच तो दहा वर्षे चालला. किशोरवयातल्या शस्त्रक्रियेबद्दल आज आपल्याला औषधापेक्षा जास्त माहिती आहे, ही उलटी वाटणारी गोष्ट खरी आहे आणि तिचे कारण हे आहे.

सरकारी आणि धर्मादाय पैसा कंपनीच्या पैशाशी नीट जुळतो तेव्हा काय होते, हेही सांगितले पाहिजे. १९९७ साली केंब्रिजमध्ये सदफ फारुकी आणि स्टीफन ओ’राहिली यांच्यासमोर पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबातली दोन चुलत भावंडे होती. मुलगी आठ वर्षांची, वजन ८६ किलो. तिचा भाऊ दोन वर्षांचा, वजन २९ किलो. दोघांच्या रक्तात लेप्टिन हे संप्रेरक जवळजवळ नव्हतेच. मेंदूला ‘पोट भरले’ असे कळवणारा निरोपच निघत नव्हता. तीन वर्षांपूर्वीच जेफ्री फ्रीडमन यांनी न्यूयॉर्कमध्ये उंदरांत लेप्टिनचा जनुक शोधला होता. अॅमजेन कंपनीने त्याचे हक्क घेतले, आणि ते औषध सर्वसाधारण लठ्ठपणावर फारसे चालले नाही. तरी या मुलीसाठी कंपनीने लेप्टिन पुरवले. वर्षभरात तिचे वजन १६ किलोंनी उतरले, आणि खाण्याची अनावर ओढ थांबली. शोधाचा बराचसा पैसा ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टसारख्या धर्मादाय संस्थांचा, औषध कंपनीचे, आणि प्रश्न डॉक्टरांनी विचारलेला. लठ्ठ मूल म्हणजे हावरट मूल, हा समज मोडायला या एका मुलीच्या नोंदीने जेवढी मदत केली तेवढी कुठल्याही भाषणाने केली नसेल. आपल्याकडे ‘खात्यापित्या घरचं आहे’, ‘उंची घेतली की आपोआप उतरेल’ म्हणत सुरुवातीला कौतुक होते, आणि मूल दहा-बारा वर्षांचे झाले की तेच घर त्याच्या ताटावर पहारा ठेवते. त्या पहाऱ्यात वाढणाऱ्या मुलांसाठी मला हे पुस्तक महत्त्वाचे वाटते.

पैशाच्या उगमाबद्दल आणखी एक गोष्ट. नोव्हो नॉर्डिस्कवर नियंत्रण असलेले नोव्हो नॉर्डिस्क फाउंडेशन हे जगातल्या सर्वांत श्रीमंत धर्मादाय संस्थांपैकी एक आहे. बालपणीच्या लठ्ठपणावरच्या, अगदी प्रतिबंधावरच्याही संशोधनाला ते मोठ्या रकमा देते. पैसा चांगल्या कामाला जातो. तरीही ज्या विषयात औषध विकणारा आणि अनुदान देणारा यांचे मूळ एकच आहे, तिथे तिसऱ्या कोणाचा पैसा असायलाच हवा. ब्रिटनमधल्या औषध उद्योगाच्या संघटनेने मार्च २०२३मध्ये याच कंपनीचे सदस्यत्व दोन वर्षांसाठी स्थगित केले होते, ते आरोग्यसेवकांच्या वजनविषयक प्रशिक्षणाला दिलेल्या प्रायोजकत्वावरूनच. शिकवणी कोणाच्या पैशाने चालली आहे हे शिकणाऱ्याला स्पष्ट सांगितले गेले नाही, हा आक्षेप होता.

आणि जे विकता येत नाही, त्याचे काय? अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने जानेवारी २०२३मध्ये बारा वर्षांपुढच्या लठ्ठ मुलांना औषधाचा पर्याय द्यावा असे सांगितले. त्याच मार्गदर्शिकेत कुटुंबासह किमान २६ तासांच्या समुपदेशनावर भर आहे. तिथल्या सरकारने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञगटाने जून २०२४मध्ये सहा वर्षांपुढच्या मुलांसाठी समुपदेशनाचीच शिफारस केली आणि औषधांबाबत अधिक, दीर्घकाळचे संशोधन हवे असे म्हटले. २६ तास आईबाप, आहारतज्ज्ञ आणि मूल एकत्र बसणे याला ना पेटंट, ना विक्री प्रतिनिधी. औषधासोबत त्याने फायदा किती वाढतो, औषधाऐवजी ते किती पुरते, औषध थांबवताना त्याचा आधार होतो का, हे तपासायला कोणाकडेही धंद्याचे कारण नाही. या पुस्तकातले समुपदेशनावरचे प्रकरण मी दोनदा वाचले. वाचकानेही घाई करू नये.

आता आपल्याकडचे. २०२२ साली भारतात पाच ते एकोणीस वयोगटात सुमारे १ कोटी २५ लाख लठ्ठ मुले होती, असा ‘लॅन्सेट’मध्ये आलेला अंदाज आहे. सेमाग्लुटाइडच्या चाचणीतल्या आठ देशांत भारत नव्हता. हा केवळ प्रतिनिधित्वाचा मुद्दा नाही, शरीराचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे आणि लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्यावर सारखी दिसणारी दोन माणसे आतून इतकी वेगळी. याच जाणिवेतून भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५मध्ये वाढीचे नवे तक्ते काढले, त्यांत पुण्याच्याच वामन आणि अनुराधा खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे. त्या तक्त्यांत जास्त वजनाची रेषा प्रौढांच्या २३ला आणि लठ्ठपणाची २७ला जुळवली आहे. जगभर वापरल्या जाणाऱ्या २५ आणि ३०च्या खाली. मग औषध कोणत्या रेषेपासून सुरू करायचे? ज्या मुलाचे वजन ७० किलो आहे पण यकृतात चरबी साचली आहे आणि साखर चढू लागली आहे, त्याला १०७ किलोच्या मुलांवर तपासलेला डोस कसा लागू करायचा? कमी स्नायू असलेल्या शरीरातून वजन उतरते तेव्हा चरबी किती जाते आणि स्नायू किती? याचे उत्तर पश्चिमेकडच्या चाचण्या देणार नाहीत, कारण तो प्रश्न त्यांच्या मुलांचा नाही.

इथे वेळही हातची निसटते आहे. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६पर्यंतची. त्यानंतर आपल्याच कंपन्यांची स्वस्त इंजेक्शने, ही रुग्णांसाठी मोठी सोय. पण पेटंट संपले की मुलांवर चाचणी करण्याचे कोणाचेही आर्थिक कारण उरत नाही. अमेरिकेत पेटंट संपलेल्या औषधांचा मुलांवरचा अभ्यास सरकारी पैशातून करण्याची तरतूद २००२च्या कायद्यात आहे. आपल्याकडे मक्तेदारी वाढवून देण्याचे आमिषही नाही आणि अशी तरतूदही नाही. औषध मात्र कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये असेल, आणि बारावीनंतर कॉलेजला जायच्या आधी बारीक व्हायची घाई असलेली मुलेही असतील. मोठ्यांसाठी मंजूर झालेले औषध मुलांना अंदाजाने देण्याची जी पद्धत १९९७च्या कायद्याने मोडायला घेतली होती, तीच इथे पुन्हा सुरू होण्याचा धोका मला खरा वाटतो.

मुलांवर प्रयोग नकोत, असा सूर आपल्याकडे लगेच उमटतो, आणि तो समजण्यासारखा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ची नियमावली आईबापांच्या संमतीबरोबर सात वर्षांपुढच्या मुलाचाही होकार मागते, बारापुढे तो लेखी घ्यायला सांगते. या चौकटीत, देखरेखीखाली, नोंद ठेवून औषध देणे हे नोंदीशिवाय देण्यापेक्षा मुलांसाठी कितीतरी सुरक्षित आहे. नोंद न ठेवता दिलेले औषध हाही प्रयोगच असतो. त्यातून कोणी काही शिकत नाही, एवढाच फरक.

आणि आपल्याला दीर्घ पल्ल्याचे काम जमत नाही, असे कोणी म्हणू नये. याज्ञिकांनी १९९३मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर होण्याआधीपासून बायकांच्या नोंदी घ्यायला सुरुवात केली. जन्मलेली बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा जवळपास ८०० ग्रॅमने हलकी, पण तुलनेने जास्त चरबीची. ती मुले सहाव्या वर्षी मोजली, बाराव्या वर्षी मोजली, अठराव्या वर्षी मोजली. आरोग्यसेविका घरोघरी जात राहिल्या, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या मुलींचे पत्ते ठेवत राहिल्या. वेलकम ट्रस्टच्या पैशाने ते सुरू झाले. असे काम पुढच्या वेळी मुंबई-दिल्लीच्या अनुदानावर सुरू व्हावे, ही अपेक्षा फार नाही.

शेवटच्या प्रकरणात लेखिकेने त्याचा आराखडा मांडला आहे: आपल्या तक्त्यांनुसार निवडलेली बारा ते सतरा वर्षांची मुले, त्यांतल्या एका गटाचे औषध दोन वर्षांनी समुपदेशनाच्या आधाराने थांबवायचे, हाडांची आणि स्नायूंची मोजणी पंचविशीपर्यंत करायची, आणि औषध सरकारने बाजारभावाने विकत घ्यायचे, कोणाकडून फुकट घ्यायचे नाही. खर्चाचा अंदाजही ओळीओळीने दिला आहे, अगदी तपासणीला येणाऱ्या कुटुंबाच्या एसटी भाड्यापर्यंत. आरोग्य संशोधनाची अनुदाने मंजूर करणाऱ्यांनी बाकी पुस्तक चाळले तरी चालेल. या प्रकरणाची चौदा पाने त्यांनी हाती पेन्सिल घेऊन वाचावीत, एवढी माझी विनंती आहे.